जुन्या गाडीला डीआरएल बसवावेत का? माझे मत : बसवावेत, पण नियमाने

सह्यवाट

पावसाळ्यात भरदुपारी आंबोली किंवा ताम्हिणी घाटात करड्या अथवा रुपेरी रंगाची गाडी समोरून येत असेल, तर ती वळणावर अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. ओला डांबरी रस्ता, भरून आलेले आभाळ आणि गाडीचा रंग यांत फरकच उरत नाही. अलीकडच्या बहुतेक गाड्यांना पुढे डीआरएल, म्हणजे दिवसा चालू राहणारे पांढरे दिवे, कारखान्यातूनच येतात आणि त्या गाड्या कितीतरी आधी नजरेस पडतात. माझी २०१० सालची वॅगन आर पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नुकतीच पुन्हा पासिंग करून घेतली आहे. ती आणखी काही वर्षे चालवायची असल्यामुळे तिला हे दिवे बाहेरून बसवावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही कल्पना नवी नाही. फिनलंडने १९७२ साली हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे लावण्याची सक्ती केली, स्वीडनने १९७७ पासून ती वर्षभरासाठी लागू केली, आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक केले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. त्यामागचा विचारही तोच आहे : हा दिवा रस्ता पाहण्यासाठी नाही, आपण इतरांना दिसावे यासाठी आहे.

मात्र बाजारात डीआरएल म्हणून जे विकले जाते, त्यातल्या निम्म्याहून अधिक मालाला मी डीआरएल म्हणणार नाही. निळसर पट्ट्या, लुकलुकणारे दिवे, इंडिकेटर दिला की पळणारी पिवळी रेघ, हे सारे सजावटीचे सामान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमानुसार एका दिव्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला असावी लागते आणि रंग पांढराच असावा लागतो. बसवण्याच्या नियमानुसार तो जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंचीवर असावा, दोन दिव्यांत साधारणपणे किमान ६०० मिलिमीटर अंतर असावे, आणि हेडलाइट लावला की तो आपोआप बंद व्हावा. या अटी पाळणारा दिव्यांचा जोड मिळत असेल तर जुन्या गाडीला तो का बसवू नये, याचे उत्तर मला विरोधकांकडून हवे आहे.

नियमपाल

उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक कडकपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आले, ज्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या कलमात बाहेरून सुटे भाग बसवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

आपण म्हणाल की नोंदणीपत्रात दिव्यांचा रकाना नसतो. हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो नाक्यावरच्या पोलिसाला किंवा अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला मान्य होईलच असे नाही. वायरिंगला बाहेरचा हात लागलेला दिसला आणि गाडीला आग लागलेली असली, तर दाव्यात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. इतक्या लहानशा फायद्यासाठी हा वाद स्वतःच्या दारात आणण्याचे कारण मला दिसत नाही, विशेषतः डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली वळवलेला झोत, लावून गाडी चालवण्याचा फुकटचा आणि पूर्ण कायदेशीर मार्ग उपलब्ध असताना. पोलंडमध्ये २००७ पासून सर्व वाहनांना दिवसा दिवे लावावे लागतात, आणि तिथल्या जुन्या गाड्या डिपरवरच चालतात. युरोपीय संघानेही जुन्या गाड्यांना नवे दिवे बसवायला लावले नाहीत.

सह्यवाट

कायद्याची बाजू आपण नेमकी मांडलीत. म्हणूनच मी मूळ हेडलाइटला हात न लावणारा, बंपरवर स्वतंत्र बसणारा आणि हवा तेव्हा काढून टाकता येणारा जोड पाहतो आहे.

डिपरबद्दल मात्र मी सहमत नाही. डिपरचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मुद्दाम खाली वळवलेला असतो, म्हणजे दिवसा दिसण्याच्या कामासाठी तो मुळातच घडवलेला नाही. शिवाय दोन हॅलोजन बल्बचे ११० वॉट, मागचे-पुढचे पार्किंग दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा मिळून १४० वॉटच्या आसपास भार अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, पडतो. माझ्या हिशेबाने त्यासाठी तासाला सत्तर ते शंभर मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे जाते. एलईडी जोडाचा भार पंधरा-वीस वॉट असतो. हॅलोजन बल्बचे आयुष्य काही शे तासांचे असते. तो दिवसा जाळला तर रात्री हवा असेल तेव्हा गेलेला सापडतो, ही बाब मला पेट्रोलपेक्षाही महत्त्वाची वाटते.

मिस्त्री कुडाळ

साहेब, मी गाड्यांच्या वायरिंगचेच काम करतो, त्यामुळे ही बाजू मला सांगितली पाहिजे. डीआरएल वाईट नाहीत, ते बसवण्याची पद्धत वाईट असते. मूळ वायर सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळायची आणि वरून काळी टेप मारायची, असे काम बहुतेक ठिकाणी होते. कोकणच्या पावसात दोन पावसाळ्यांत त्या टेपखाली पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. टेप सोडवून पाहिली तर वायर हातात पावडर होऊन येते. मग पार्किंग लाइट मध्येच जातो आणि गिऱ्हाईक बल्ब बदलत बसते.

काम नीट करायचे असेल तर पाच पायांचा एक साधा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, पुरतो. त्याच्या ३० नंबरच्या पायाला इग्निशननंतर येणारा करंट पाच अँपिअरच्या फ्यूजमधून द्यायचा, डीआरएल ८७ए वर जोडायचे, ८६ वर पार्किंग लाइटची वायर आणि ८५ वर अर्थ, म्हणजे बॉडीला जाणारी वायर. चावी फिरवली की दिवे लागतात, आणि पार्किंग किंवा हेडलाइट लावला की रिले ओढला जाऊन ते बंद होतात. डब्यातून जे तयार मोड्यूल येते, ते बॅटरीचा व्होल्टेज वाढला म्हणजे इंजिन सुरू झाले असे समजते. त्यामुळे गाडी बंद केल्यावरही दिवे काही वेळ जळत राहतात. मी ते सहसा बसवत नाही.

टोरंटोकर

मी जिथे राहतो त्या कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक नव्या गाडीला हे दिवे सक्तीचे आहेत, त्यामुळे त्यांच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. पण इथे त्यातून एक दुखणेही निर्माण झाले आणि ते भारतात आयते नेले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. संध्याकाळी समोर उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, म्हणून चालकाला दिवे लागलेलेच आहेत असे वाटते आणि तो हेडलाइटचे बटण फिरवतच नाही. परिणामी गाडीची मागची बाजू पूर्ण अंधारात राहते. अशा गाड्यांना इथे भुताच्या गाड्या म्हणतात. हा प्रकार इतका वाढला की सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम बदलावा लागला : एकतर डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागावेत, किंवा अंधार पडताच सारे दिवे आपोआप लागावेत, किंवा डॅशबोर्ड काळाच राहून चालकाला आठवण व्हावी.

आणि सह्यवाट, आपलेच उदाहरण आपल्या विरोधात जाते. घाटातल्या पावसात आणि धुक्यात मागून येणाऱ्या एसटीला तुमची गाडी दिसणे तितकेच गरजेचे आहे. डीआरएल मागे काहीही दाखवत नाहीत. तिथे डिपरच लावायला हवा, आणि तो लावला की तुमच्याच अटीप्रमाणे डीआरएल बंद होणार. मग ते नेमके कशासाठी बसवायचे?

सांगलीचा दुचाकीस्वार

टोरंटोकरांच्या प्रश्नाला मी माझी भर घालतो. दुचाकीचा दिवा दिवसा लावण्यामागे हेतू असा होता की वाहतुकीच्या गर्दीत लहान वाहन वेगळे उठून दिसावे. समोरच्या प्रत्येक चारचाकीला दोन-दोन झगझगीत दिवे लागले, तर त्यांच्यामध्ये माझा एकुलता दिवा हरवून जातो. युरोपातल्या मोटारसायकलस्वारांच्या संघटनांनी याच मुद्द्यावर या सक्तीला विरोध केला होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००८ सालच्या अहवालातही डीआरएलचा अपघातांवर एकंदरीत ठाम म्हणता येईल असा परिणाम आढळला नव्हता. ज्याला स्वतःभोवती पत्र्याचे कवच आहे त्याने थोडे अधिक दिसण्यासाठी, ज्याला ते नाही तो इतरांना थोडा कमी दिसेल असे करावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. चारचाकीवाल्यांनी आधी पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून घ्याव्यात आणि मागचा ब्रेक लाइट जळतो का ते पाहावे. रस्त्यावर एका ब्रेक लाइटवर धावणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

सह्यवाट

टोरंटोकरांचा प्रश्न या चर्चेतला सर्वांत नेमका प्रश्न आहे. दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात डिपरच लावला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. माझे म्हणणे त्याहून सौम्य परिस्थितीबद्दल आहे, जिथे दिवा लावावा असे कुणालाच सुचत नाही. दोन्ही बाजूंना झाडांची कमान असलेला सावंतवाडीकडचा दुपदरी रस्ता डोळ्यांपुढे आणा. ऊन आणि सावली आलटून पालटून येते, समोरची गाडी सावलीत शिरली की नाहीशी होते आणि ट्रक ओलांडायला बाहेर पडलेल्या चालकाला समोरचा रस्ता मोकळा वाटतो. दुपारनंतर पश्चिमेकडून येणारी गाडी सूर्याच्या बाजूने येते, तेव्हाही तिचा केवळ काळा आकार दिसतो. अशा वेळी वापर स्वयंचलित असणे हेच डीआरएलचे खरे बळ आहे, कारण माणसाच्या आठवणीवर सोडलेला दिवा लागत नाही.

दुचाकीस्वारांचा आक्षेप मी हलका मानत नाही. शहरातल्या गर्दीत त्यात तथ्य आहे. तीव्रतेची १२०० कँडेलाची वरची मर्यादा मी पहिल्याच प्रतिसादात लिहिली ती त्यासाठीच. पण दुपदरी रस्त्यावर ओलांडणी करताना समोरून येणारी चारचाकी वेळीच दिसणे ही दुचाकीस्वाराचीही गरज आहे, हे त्यांनी विचारात घ्यावे.

सांगलीचा दुचाकीस्वार

ओलांडणीचा मुद्दा मी मान्य करतो, मर्यादेचा नाही. बाजारातल्या खोक्यावर कँडेला छापलेले नसते, वॉट छापलेले असतात, आणि दुकानदार जास्त वॉटचा माल चांगला म्हणून विकतो. आपण नियम वाचून माल घ्याल, आपला शेजारी तो आपल्या गाडीकडे पाहून घेईल.

मिस्त्री कुडाळ

घेताना काचेवर गोलात इंग्रजी ई आणि त्याजवळ आर-एल ही अक्षरे कोरलेली आहेत का ते पाहा. ती नसतील तर माल परत द्या. नुसती छापील चिकटपट्टी असेल तर तिचा भरवसा धरू नका. आणि अर्थ बंपरच्या स्क्रूला देऊ नका, तो प्लॅस्टिकमध्ये असतो. बॅटरीचा अर्थ जिथे बॉडीला बसवलेला आहे तिथेच, रंग खरवडून, रिंग टर्मिनलने द्या आणि वर ग्रीस लावा.

सह्यवाट

रिलेची पार्किंग लाइटची वायर हेडलाइटच्या कपलरपाशी घ्यावी की आत स्टिअरिंगखालच्या स्विचपाशी?

मिस्त्री कुडाळ

आत घ्या. तिथे पाणी येत नाही.