शेततळ्याचं पाणी हिरवं पडलं, मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू का?

कपाशीवाला_हिंगणघाट:
नमस्कार मंडळी. आमच्या वावरात ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं आहे, काळी माती म्हणून प्लास्टिकचा कागद टाकला नाही. पहिले दोन-तीन वर्षं पाणी मस्त होतं, टिबुकल्या यायच्या, एकदा तर बाबांनी अडई बदकांची जोडी पिलं घेऊन फिरताना पाहिली. आता दिवाळीपासून पाण्यावर हिरवी साय धरून राहिली, वास येते, आणि परवा पहाटे गेलो तर मासे वर तोंड काढून हवा खात होते, दुपारी पाहिलं तर पुन्हा नीट. म्हशी त्यातच उतरतात, काठ पूर्ण तुडवलेला, गवताची काडी नाही. दुकानदार म्हणते मोरचूद टाक, दोन दिवसात साफ. टाकू का? बाबा रोज विचारतात, पक्षी आले का म्हणून.

बोडीवाला_गोंदिया:
भाऊ, मोरचूद अजिबात टाकू नका. शेवाळ एकदम मेलं की सडते आणि सडताना पाण्यातला ऑक्सिजन ओढते, उरलेसुरले मासेही जातील. त्यातून ते निळं-हिरवं शेवाळ असलं तर पेशी फुटून त्यातलं विष पाण्यात उतरते आणि तेच पाणी म्हशी पिणार. साय हाय तोवर ढोरांना ते पाणी पाजूच नका. पहाटे मासे वर येतात ते याच्यानंच, रात्री ऊन नसते तर शेवाळ ऑक्सिजन देत नाही, उलट घेते.
शेवाळाला खाद्य कोण देऊन राहिलं ते पहा. शेण, मूत आणि वावरातून वाहून येणारं युरिया-डीएपी खत. तर पहिले म्हशी बाहेर. चारी बाजूनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा, तळ्यातून पाईप काढून खालच्या अंगाला हौद बांधा, साय गेली की ढोरं तिथं पितील. एवढं एकच काम केलं तरी पुढच्या पावसाळ्यानंतर फरक दिसते.
आता पक्ष्यांचं. आमच्याकडं बोडीला, म्हणजे छोट्या तलावाला, एक बाजू नेहमी उथळ असते, पाय भिजतील एवढं पाणी, त्यात गवत, पोयनी, बेंडक्या, सगळं तिथंच. बगळा, पाणकोंबडी, सारससुद्धा उथळातच चरते. शेततळ्याच्या भिंती सरळ कापलेल्या असतात, पक्ष्यानं उभं राहावं कुठं? उन्हाळ्यात तळं आटलं की एक कोपरा जेसीबीनं उताराचा करून घ्या, आणि तिथं उगवलेलं गवत कचरा समजून उपटू नका. ग्रासकार्प मासा सोडला असल तर पाणवनस्पती राहणार नाही, तो सगळं खाते.

यवतमाळची_शेतकरीण:
दादा, बोडीवाल्या भाऊंचं बरोबर आहे, मी फक्त पाणी आत येते त्या तोंडाबद्दल सांगते. आमच्या तळ्यात पहिल्याच पावसात गाळ भरायचा. मग ज्या नालीनं पाणी येते तिथं आधी दोन बाय दोन मीटरचा, कंबरभर खोल खड्डा केला, गाळ तिथं बसते, दरवर्षी उन्हाळ्यात काढून वावरात टाकते. नालीच्या दोन्ही कडेला वाळा लावला, मुळं माती धरून ठेवतात.
आणि फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका हो, मजुरांनाही बजावून सांगा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली, ते आम्ही विसरलो नाही. जे औषध माणसाला मारते त्यापुढं चतुराची अळी न् बेंडकीचं पिल्लू काय टिकल? पाणी गढूळ दिसो की नितळ, त्यात चतुराच्या अळ्या सापडल्या की मला बरं वाटते, त्या डासाच्या अळ्या खातात.

संत्रा_वरूड:
आमचं कागदाचं तळं आहे, ज्यांचं तसंच असल त्यांच्यासाठी एक. कागद घसरडा, रानडुक्कर, कुत्रं, कधी रोहीचं (नीलगाईचं) पिल्लू पाणी प्यायला उतरते न् वर चढता येत नाही. मला एकदा सकाळी बुडालेलं पिल्लू दिसलं, दिवसभर जेवण गेलं नाही. आता दोन कोपऱ्यात गाठी मारलेली दोराची जाळी वरून पाण्यापर्यंत सोडली हाय, वर पक्की बांधून. तारेचं कुंपण पण केलं.

कपाशीवाला_हिंगणघाट:
सगळ्यांचे आभार. मोरचूद रद्द. हौदासाठी जागा आजच पाहिली, विहिरीजवळ उतार चांगला आहे. फक्त एक, पाळीवर बेशरमाची झुडपं लय माजली, ती सावलीला ठेवू की काढून टाकू?

बोडीवाला_गोंदिया:
काढा, मुळासकट, पाणी कमी झाल्यावर. कापलेला एकही तुकडा पाण्यात किंवा ओल्या काठावर पडू देऊ नका, कांडीला पुन्हा मुळं फुटतात. सगळा ढीग पाळीपासून दूर उन्हात वाळवा न् मग जाळा, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पाऊस लागायच्या आत हरळी लावून टाका, नाहीतर पाळ धुपते.