हलका घेऊ की दणकट? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय

शीटवाली
लवकर सांगा प्लीज, उद्या रात्री बाराला सेल संपतोय. दोन लॅपटॉप बाजूला काढलेत. एक १.३ किलोचा, १४ इंची, बॅटरी भरपूर. दुसरा २.४ किलोचा, १५.६ इंची, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डवाला. दोन्ही ऐंशी हजारांच्या आसपास. बाबा म्हणतात हलका घे. वर्गातला मित्र म्हणतो, हलका घेतलास तर रडशील. काय करू?

आकडेमोड
काम काय करणार ते लिहिलंच नाहीत. रॅम किती? प्रोसेसर कोणता?

शीटवाली
कॉलेजचं काम, नेहमीचंच. रॅम दोन्हींत १६ जीबी.

सुलभाकाकू
माझ्याकडे चार वर्षं हलकाच आहे. मेल, नेटबँकिंग, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं झक्क चालतं. जड घेऊ नकोस गं, मान धरते. माझी धरली होती, तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटलं.

पेंग्विन
कुठलाही घ्या, विंडोज उडवा, उबुंटू टाका. माझा २०१४चा डबा अजून पळतोय.

तिरपागडा
पेंग्विनराव, विचारलंय का कोणी? ताई, ‘नेहमीचं’ म्हणजे एक्सेल की व्हिडिओ एडिटिंग?

शीटवाली
अहो, आर्किटेक्चर, तिसरं वर्ष. लिहिलं नव्हतं का? मॉडेल करायला रेव्हिट, स्केचअप आणि रेंडरला, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढायला, लुमियन.

तिरपागडा
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! लुमियनला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. दुसरा घ्या, विषय संपला.

न्यूजर्सीकर
मॅकबुक एअर बघा. सव्वा किलो, पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य. इकडून कोणी येत असेल तर स्वस्तात...

तिरपागडा
रेव्हिट मॅकवर नाहीये हो.

टीस्क्वेअर
विषय एवढ्यात संपत नाही. मी याच धंद्यात आहे, बारा वर्षं झाली. रेव्हिटमध्ये मॉडेल करताना ग्राफिक्स कार्ड बरंचसं बसूनच असतं. तिथे प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग आणि रॅम कामाला येते. कार्ड लागतं रेंडरला, म्हणजे सबमिशनच्या आधीच्या चार रात्री. त्या चार रात्रींसाठी वर्षभर वीट वाहायची? माझं ऐकशील तर घरी जुना-पाना डेस्कटॉप जमव आणि हातात हलका ठेव.

तिरपागडा
ऐंशी हजारांत दोन मशिनं? साहेब, तिसऱ्या वर्षाला आहे ती, तुमच्या ऑफिसात पार्टनर नाही. शिवाय पातळ लॅपटॉपांत रॅम बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. १६ची ३२ करायची म्हटलं तर करणार काय?

टीस्क्वेअर
जुना कोअर आय सेव्हन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात...

तिरपागडा
काढलाच शेवटी लॅमिंग्टन रोड.

आकडेमोड
भांडण झालं असेल तर एक मुद्दा. ४०५० हे नाव वाचून भुलू नका. तेच कार्ड एका लॅपटॉपात ३५ वॅटवर चालवतात, दुसऱ्यात ११५ वर. बारीक अक्षरात ‘टीजीपी’, म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, लिहिलेलं असतं, ते शोधा. आणि प्लग काढला की बॅटरीवर ही सगळी ताकद बरीच कमी होते.

पायदान
कोणी विचारलंच नाही, प्रवास कसा करतेस?

शीटवाली
बदलापूर ते सीएसएमटी. रोज. लोकल.

पायदान
मग ऐक. मी असाच अडीच किलोवाला घेतला होता. लॅपटॉपचं वजन सांगतात, अडॅप्टरचं कोणी सांगत नाही. माझा अडॅप्टर पाऊण किलोचा, पाट्यावरचा वरवंटा जसा! गर्दीत बॅग पोटाशी घेऊन उभा होतो, कुर्ल्याला रेटा आला आणि तो वरवंटा आतून स्क्रीनवर दाबला गेला. घरी येऊन उघडला तर डाव्या कोपऱ्यातून बिजागरीपर्यंत काळी रेघ. तुझी बॅग आत्ता किती भरते ते आधी मोज.

शीटवाली
खाली वाण्याच्या काट्यावर ठेवली. लॅपटॉपशिवाय ४ किलो ६००! पाण्याची बाटली, डबा, मॉडेलचं कटर-मॅट, दोन स्केचबुकं. वाणी हसत होता.

टीस्क्वेअर
बघ. हलका.

तिरपागडा
कटर-मॅट रोज कशाला नेतेस? कॉलेजात लॉकर नाही?

शीटवाली
आहे, पण किल्ली मैत्रिणीकडे असते. आठवड्यातून तीनच दिवस स्टुडिओ असतो, बाकी दिवशी लॅपटॉप घरीच राहील. रेंडर घरी रात्रीच होतात. हेही लिहायला हवं होतं का?

आकडेमोड
हो!! मग दुसराच. फक्त त्याला टाइप-सीवरून चार्जिंग आहे का बघा, सगळ्यांना नसतं. असेल तर वरवंटा घरी ठेवायचा आणि स्टुडिओत ६५ किंवा १०० वॅटचा छोटा चार्जर न्यायचा. ड्रॉइंगपुरतं भागतं.

शीटवाली
दोन टाइप-सी पोर्ट आहेत. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की मागच्यावरूनच चार्ज होतो. टीजीपी १०५ आहे. कटर-मॅट उद्यापासून लॉकरमध्ये. दुसरा ऑर्डर केला, बाबांना अजून सांगितलं नाहीये.

सुलभाकाकू
बदलापूरला कुठे गं? माझी नणंद पूर्वेला असते.

पेंग्विन
अभिनंदन. आता उबुंटू टाका.

तिरपागडा
रेव्हिट!!!