मदत हवी आहे: मुलांना घरीच शिकवते, पण रात्रीची प्रार्थनाही आता तास झालीय

नमस्कार. आम्ही कोल्हापुरातलं ख्रिस्ती कुटुंब. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. गेल्या जूनपासून दोघांना घरीच शिकवते. मुलगी शाळेत पार गप्प झाली होती, वाचायला उभं केलं की रडायची, म्हणून हा निर्णय घेतला. परीक्षेची चिंता नाही, १४ पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी देता येते. शाहू महाराजांनी १९१७ साली जिथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात पोरं घरी बसवतीस, असं सासरे आधी म्हणाले. आता तेच रोज पाढे घेतात.

अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत, शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधलं वाचन, मग ज्याची त्याची छोटी प्रार्थना. मागच्या महिन्यात मुलगी स्तोत्र २३ वाचत होती. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ तिथं थांबून तिनं विचारलं, "आई, उणे म्हणजे वजाबाकीतलं उणे?"

किती सुंदर प्रश्न होता! आणि मी शेजारची पाटी ओढून १२ उणे ५ लिहिलं. वर ‘मेंढपाळ’ नीट म्हणायला लावून ओळ परत वाचून घेतली. आमेन झाल्यावर बायबल माझ्याकडं सरकवून ती म्हणाली, "तपासलंस?"

भांडी आवरताना सासूबाई एवढंच बोलल्या, "पोरगी देवाशी बोलाय लागली होती, तू मधी कशाला शिरलीस?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून ती एका दमात वाचते आणि माझ्या तोंडाकडं बघते. पूर्वी गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांसाठीसुद्धा प्रार्थना करायची, आता नुसतं ‘आमेन’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता मुलांशी वचनांविषयी बोलत जा, असं आहे. मी तेच मनाशी धरून घरी शिकवायला लागले. पण तिथं बोलत जा म्हटलंय, मी मात्र धडा घेत बसले.

घरी शिकवणाऱ्या आईवडिलांनो, तुम्ही हे कसं सांभाळता? बायबलचा तास दिवसा वेगळा ठेवता का? शास्त्रपाठात मूल चुकलं तर तसंच पुढं जाऊ देता? संडे स्कूलचं सुवर्णवचन तिला फार आवडायचं, ते पाठ करून घेणं थोडे दिवस थांबवू का? घरात हरिपाठ किंवा नमाज असणाऱ्यांनीही जरूर सांगा, तुमच्याकडंही हे होत असेल.

मिस्टरांची गोकुळ शिरगाव एमआयडीसीत दुसरी पाळी असते, म्हणून या आठवड्यात वाचन सासूबाईंकडं दिलंय. काल मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती, हातात त्यांच्या पदराचं टोक. तिला पुन्हा वाच म्हणू, की ती स्वतः पुस्तक मागेपर्यंत थांबू?