पुढच्या दाताची कॅप बदलायचीये, व्हाईटनिंग आधी करायचं की नंतर?

कोलशेतकर
नमस्कार मंडळी. शाळेत कबड्डी खेळताना पुढचा एक दात तुटला होता, त्याचं रूट कॅनाल करून कॅप बसवलेली, ती आता जुनी झालीये आणि हिरडी वर सरकल्यामुळे कडेला काळी रेघ दिसते, फोटोत तर आधी तीच दिसते. घोडबंदर रोडला एका डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले कॅप नवीन करू, पण बाकीचे दात पिवळट आहेत, पुढेमागे व्हाईटनिंग करायचा विचार असेल तर ते आधी उरका मगच कॅप. एका सिटिंगचे नऊ हजार, निळ्या लाईटवालं, कॅपचे पैसे वेगळे. आता माझ्या डोक्यात व्हाईटनिंग नव्हतंच, त्यांनीच घातलं. बायको म्हणते गिऱ्हाईक बघून बिल वाढवतायत. आधीच का करायचं यात खरंच काही कारण आहे का? आणि एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, घासून दात पांढरे करतात का, म्हणजे नंतर आयुष्यभर आंबत बसणार?

दातखिळी_नेरुळ
मी डेंटिस्ट आहे, आणि वहिनींना सांगा की क्रमाबद्दल डॉक्टर बरोबर बोललेत, नऊ हजारांचं नंतर बघू. कॅप सिरॅमिकची असते, तिच्यावर ब्लीचिंगचा (म्हणजे व्हाईटनिंगचाच) काडीचाही परिणाम होत नाही. दातात भरलेल्या सिमेंटवरही होत नाही. म्हणजे आज तुमच्या पिवळट दातांना मॅच करून कॅप बसवली आणि वर्षभराने तुम्हाला दात पांढरे करावेसे वाटले तर शेजारचे उजळतील आणि ही एकटी पिवळी राहील, मग परत कॅपचा खर्च. म्हणून आधी व्हाईटनिंग, मग साधारण दोन आठवडे थांबायचं आणि त्यानंतर कॅपची शेड घ्यायची. थांबायचं अशासाठी की ब्लीचिंगनंतर लगेच दात जरा जास्तच पांढरे दिसतात, सिटिंगमध्ये ते कोरडे पडलेले असतात ना, काही दिवसांत रंग थोडा खाली येऊन स्थिर होतो. शिवाय दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे चिकटवायचं मटेरियल तेवढे दिवस नीट धरत नाही.

घासून वगैरे काही करत नाहीत. एनॅमल दुधी काचेसारखं असतं, त्याच्या आतल्या थराचा, डेंटिनचा, पिवळा रंग बाहेर दिसतो, वय वाढलं की एनॅमल झिजतं आणि डेंटिन गडद होतं म्हणून चाळिशीनंतर सगळ्यांचेच दात पिवळे दिसायला लागतात. (सुळे तर मुळातच बाकीच्यांपेक्षा पिवळे असतात, त्यावरून घाबरून येणारे पेशंट रोजचे.) जेलमधलं पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपतं आणि रंग देणारे मोठे रेणू तोडून लहान करतं, लहान झाले की रंग दिसत नाही. क्लिनिकमध्ये २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, एवढं स्ट्राँग हिरडीला लागलं तर भाजतं, म्हणून आधी हिरडीवर लेप लावून ती झाकून घेतात. हे ब्युटी पार्लरमध्ये करून घेऊ नका प्लीज, हल्ली तिथेही बोर्ड दिसायला लागलेत.

निळा लाईट म्हणाल तर त्याने शेवटच्या रंगात फारसा फरक पडतो असं दिसलेलं नाही. काम जेल करतं. लाईटसाठी जादा पैसे मागत असतील तर सरळ विचारा, विना लाईट किती?

वाशी_सेक्टर१७
मी घरी करायचा ट्रेवाला प्रकार केलाय, त्याबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहिते. डॉक्टर दातांचं माप घेतात, पातळ पारदर्शक ट्रे बनवून देतात, त्यात रोज रात्री थेंब थेंब जेल घालून झोपायचं. फार भरायचं नाही नाहीतर बाहेर येऊन हिरडीला चुरचुरतं. पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नव्हतं, नवरा म्हणाला गेले पैसे, मग हळूहळू फरक दिसायला लागला. थंड पाण्याने मात्र दात असे सळसळायचे की फ्रीजकडे बघायची नाही मी! डॉक्टरांनी एक रात्रीआड करायला सांगितलं आणि सेन्सिटिव्हिटीची पेस्ट ट्रेमध्ये लावायला दिली, मग निभावलं. ट्रे अजून जपून ठेवलाय, परत कधी पिवळे वाटले तर नुसतं जेल आणायचं.

दातखिळी_नेरुळ
ताईंनी छान लिहिलंय. त्यात बहुतेक १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असणार, ते म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. याचा उगम भारी आहे, अमेरिकेत १९६०च्या दशकात एक ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर) हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पेशंटला ट्रेमध्ये हेच औषध घालायला देत होता आणि हिरड्यांबरोबर दातही उजळले. १९८९ मध्ये ही पद्धत रीतसर छापून आली. वेळ लागतो, पण शेवटी येणारा रंग क्लिनिकच्या तोडीचा. कोलशेतकर, तुम्हाला घाई नसेल तर मी हेच सुचवेन. दात सळसळणं बहुतेकांचं ब्लीचिंग थांबवलं की थोड्या दिवसांत जातं.

ठाणेकर_बंड्या
नऊ हजार?? लिंबू आणि खायचा सोडा, झालं काम. नाहीतर ती कोळशाची काळी पेस्ट.

दातखिळी_नेरुळ
बंड्या, लिंबाच्या ॲसिडने एनॅमल मऊ होतं आणि वर सोड्याने घासलं की तेच झिजतं, मग आतला पिवळा डेंटिन अजून जास्त दिसतो. कोळसा वरचे डाग खरवडतो, आतला रंग बदलत नाही. आणि ती जांभळी पेस्ट येते ना, तिचा थर पिवळ्यावर निळसर दिसतो म्हणून दात पांढरे वाटतात, चूळ भरत राहिलात की गेला.

विदर्भातला_ऐरोलीकर
माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, लहानपणापासून बोअरचं पाणी, दातांवर पांढरे आणि तपकिरी ठिपके आहेत. आमच्या अख्ख्या गल्लीत असे दात. यावर चालेल का?

दातखिळी_नेरुळ
हे फ्लोरोसिस वाटतंय, पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की होतं, तुमच्याकडे तो त्रास जुना आहे. इथे नुसतं ब्लीचिंग केलं तर कधीकधी पांढरे ठिपके आणखी उठून दिसतात. तपकिरी डागांसाठी वरचा अगदी पातळ थर घासून काढतात, त्याला मायक्रोॲब्रेजन म्हणतात, किंवा ठिपक्यात रेझिन, म्हणजे पातळ प्लॅस्टिकसारखं द्रव, जिरवतात. नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे इतकी डेंटल कॉलेजं आहेत आपल्याकडे, कुठल्याही एकाच्या कन्झर्व्हेटिव्ह विभागात (दात भरणं, रूट कॅनाल करतात तो) दाखवा, खाजगीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त वेळ काढून जा.

कोलशेतकर
सगळ्यांचे आभार, बायकोला धागा वाचायला दिलाय. अजून दोन शंका. चहा बंद करावा लागेल का, ते जमणार नाही. आणि आई मशेरी लावते, तिचे दात काळे झालेत, तिचंही याच्यात होईल का?

दातखिळी_नेरुळ
चहा चालू ठेवा, ब्लीचिंग चालू असताना जरा कमी करा आणि पिऊन झाल्यावर चूळ भरा. आईंचं वेगळं आहे, मशेरीचा काळेपणा बहुतेक वरचा असतो, तो किटणाबरोबर स्केलिंग-पॉलिशिंगमध्येच निघतो, ब्लीचिंगची गरजच पडणार नाही. पण त्यांना न्याल तेव्हा गाल, जीभ, हिरड्या आतून नीट तपासायला सांगा, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का ते. मशेरी म्हणजे तंबाखूच, दातांच्या रंगापेक्षा ते आधी. आणि तुम्हीसुद्धा ट्रेचं माप द्यायच्या आधी क्लीनिंग करून घ्या, कुठे कीड असेल तर ती भरून घ्या, नाहीतर जेल आत शिरून अशी कळ येईल की कबड्डी आठवेल. क्लीनिंगनंतर आरशात बघा, कधीकधी पेशंटला तेवढ्यावरच समाधान होतं, मग त्याच शेडची कॅप करून मोकळे व्हा.