लहान मुलांचे व्हायोलिन: आकार आधी, किंमत नंतर
सात वर्षांच्या मुलीसाठी एकदाच पूर्ण आकाराचे स्वस्त व्हायोलिन घ्यावे, म्हणजे पुढचा खर्च वाचेल, ही सूचना मला अजिबात पटत नाही. मोठ्या वाद्यावर लहान हात ताणला जातो, बोटे जागेवर पडत नाहीत आणि एकदा लागलेले चुकीचे वळण सुटता सुटत नाही. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात लांब केला असता वाद्याचे पुढचे टोक तळहाताच्या मध्याशी यावे. या वयात बहुधा १/४ किंवा १/२ या नावाने मिळणारा लहान आकार बसतो. त्यामुळे ऑनलाइन मागवण्यापेक्षा मुलीला सोबत घेऊनच मुंबईत धोबी तलावच्या किंवा दादरच्या वाद्यांच्या दुकानात जावे.

तिथे पॉलिशच्या चकाकीला भुलू नये. तार ताणायची खुंटी फिरवून सोडल्यावर ती जागच्या जागी थांबते का, हे स्वतः पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात आणि हवा कोरडी झाली की त्या निसटू लागतात, म्हणून चारही तारांना खालच्या बाजूस बारीक जुळवणीचे स्क्रू असलेले वाद्य नवशिक्यांना फार सोयीचे पडते. वाद्याच्या छिद्रातून आत डोकावले की वरच्या आणि खालच्या फळीमध्ये एक लहानशी लाकडी दांडी ताठ उभी दिसली पाहिजे. ती पडलेली असेल, तर तारा चढवू नयेत, आधी दुकानदाराकडून ती बसवून घ्यावी. गजाच्या, म्हणजे तारांवर घासायच्या काठीच्या, नव्या केसांना राळ (झाडाचा वाळलेला चीक) नीट लागेपर्यंत आवाज जवळजवळ येतच नाही, तेव्हा तेवढ्यावरून वाद्य नापसंत करू नये.