अल् बेरुनी : महमूद गझनीचा माणूस म्हणून बाजूला ठेवायचा का?

वाचनवेडा
मंडळी, शाळेच्या पुस्तकात अल् बेरुनी हा हजार वर्षांपूर्वीचा विद्वान एका ओळीत संपला होता. महमूदाबरोबर भारतात आला, भारतावर पुस्तक लिहिलं, बस. आता त्या पुस्तकाचं साखाऊ या जर्मन अभ्यासकानं १८८८ साली केलेलं इंग्रजी भाषांतर वाचायला घेतलंय आणि चक्रावून गेलोय, कारण सांख्य, पतंजली, गीता, पुराणं, गणिती ब्रह्मगुप्त, वजनमापं, सणवार, वारसाहक्क, काय काय नाहीये त्यात, ८० प्रकरणं आहेत! पण मनात एक सलतंय. ज्यानं देवळं लुटली त्याच्या पदरी असलेल्या माणसाचं म्हणणं कितपत खरं धरायचं? आणि डोंगरावर चढून पृथ्वी मोजली म्हणतात ते खरंच की नुसतं फॉरवर्ड?

जुनी पानं
'पदरी असलेला' म्हणताना जरा थांबा. हा मूळचा ख्वारिझमचा, काथ गावाजवळ ९७३ साली जन्मलेला, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. १०१७ मध्ये महमूदानं ख्वारिझम घेतलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं, त्यात हाही होता, स्वतःहून नोकरी मागायला गेला नव्हता. तेव्हा वय चव्वेचाळीसच्या आसपास, आणि त्या वयात गडी संस्कृत शिकायला बसला. एकाच वस्तूला ढीगभर नावं, शास्त्रसुद्धा श्लोकात, नकला करणारे निष्काळजी, हे सगळं त्यानं वैतागून लिहिलंय, पण सोडलं नाही. पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं.

आणि महमूदाबद्दल काय लिहितो ते पहिल्याच प्रकरणात बघा. त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली, लोक धुळीच्या कणांसारखे उधळले गेले, त्यांच्या मनात मुसलमानांबद्दल कायमचा तिटकारा बसला, आणि विद्या काश्मीर, बनारससारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेली, असं तो स्वच्छ सांगतो. गझनीत बसून हे लिहायला धाडस लागतं. स्वाऱ्यांचं कौतुकही त्याच जागी आहे, ते मी लपवत नाही, पण म्हणून या विध्वंसाबद्दल लिहिलेलं पुसलं जात नाही.

तारांगण
पृथ्वी मोजल्याचं खरं आहे, आणि पद्धत इतकी सुंदर आहे की सविस्तर सांगतो. जागा नंदना किल्ला, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम जिल्ह्यात. समोर सपाट मैदान, मागे डोंगर. आधी मैदानातल्या दोन जागांवरून माथ्याचे कोन घेऊन डोंगराची उंची काढली, ती आली साधारण ६५२ हात. मग माथ्यावर चढून क्षितिजाकडे यंत्र लावलं. पृथ्वी सपाट असती तर क्षितिज डोळ्याच्या रेषेत दिसलं असतं, पण ते किंचित खाली दिसतं, आणि तो कोन भरला ३४ कला, म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाच्या वर. उंची आणि हा एक कोन, एवढ्यावर त्रिज्या निघते. आधीच्या लोकांसारखं वाळवंटात मैलोन् मैल दोऱ्या टाकत अंतर मोजत जायची गरजच नाही!

फक्त ते '९९ टक्के अचूक' वगैरे फिरतं त्यावर फार विसंबू नका. त्याचा 'हात' आजच्या मापात किती धरायचा यावर सगळं अवलंबून आहे, शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो त्यानं क्षितिजाचा कोन बदलतो. मला आकड्यापेक्षा कल्पना मोठी वाटते. तसंच ९९७ सालचं चंद्रग्रहण, यानं काथमधून पाहिलं, अबुल वफा या खगोलशास्त्रज्ञानं बगदादमधून, आणि दोघांच्या वेळांतल्या फरकावरून त्या दोन शहरांच्या रेखांशातला फरक काढला.

घाटवाट
अठरावं प्रकरण आवर्जून वाचा. धारहून दक्षिणेला निघालं की किती फरसखवर (हे तेव्हाचं अंतराचं माप) काय लागतं याची यादी आहे आणि त्यात 'मरहट्टदेश' येतो, पुढे कोकण आणि त्याची राजधानी ताना, म्हणजे आपलं ठाणं! हजार वर्षांपूर्वी गझनीत बसून कोणीतरी हे टिपून ठेवलंय हे वाचताना अंगावर काटा आला माझ्या. तो स्वतः मात्र पेशावर, मुलतान, लाहोर, सियालकोट या पट्ट्याच्या पुढे आलेला नाही, ऐकीव माहिती आहे ही.

वाचनवेडा
खूप आभार सगळ्यांचे, कोनाचं तर वहीत काढून बघितलं. मग इतका मोठा माणूस तर त्याच काळातल्या इब्न सीना या वैद्य-तत्त्वज्ञासारखं नाव का नाही झालं? दोघांचा पत्रव्यवहार होता ना?

जुनी पानं
होता, ॲरिस्टॉटलवरून चांगला खडाजंगी पत्रव्यवहार होता. पण इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतकं शिकवला गेला, याचं लिखाण मध्ययुगात लॅटिनमध्ये जवळजवळ गेलंच नाही. माझ्या मते खरं कारण तेच.

तुमच्या मूळ प्रश्नाचं, भरवसा किती ठेवायचा याचं, माझं उत्तर असं की तो कुठून बोलतोय ते तो सांगत जातो, म्हणून ठेवायचा. ग्रहणाचं बघा. ग्रहण सावलीमुळे होतं हे गणित ब्रह्मगुप्ताला नीट येत असूनही तो राहूची बाजू घेतो यावर हा चिडलाय, पण मग स्वतःच म्हणतो की लोकांच्या समजुतीविरुद्ध बोलून जीव गमावलेल्या सॉक्रेटिससारखी गत होईल अशी भीती असेल बिचाऱ्याला. आणि बौद्धांबद्दल त्याच्याकडे फार थोडं आहे. ना त्यांचा ग्रंथ हाती लागला ना समजावून सांगणारा माणूस भेटला, असं त्यानंच लिहून ठेवलंय, त्यामुळे तो भाग तेवढ्याच बेतानं वाचा.