पुणेकर दुचाकी सोडत नाही ते आळसामुळे? मग हा हिशेब वाचा

तीनहत्ती

दोन दिवसांपूर्वी इथे एकाने लिहिलं होतं की मेट्रो आली, एसी बस आली, तरी पुणेकर दुचाकीवरून उतरत नाही, कारण त्याला शंभर पावलं चालायचा कंटाळा आहे. खाली शंभरेक जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलावल्या. तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी पैसे बघू. १ जून २०२५ पासून पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, किमान तिकीट १० रुपये झालं. पाच ते दहा किलोमीटरला २० रुपये. महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला. धनकवडी ते शिवाजीनगर साधारण नऊ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ४० रुपये. माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, पेट्रोल १०५ च्या आसपास. जाऊन-येऊन बेचाळीस रुपये. एकट्या माणसाला बस आणि स्कूटर सारखीच पडली. आता मागे बायको बसली, तिला वाटेत स्वारगेटला सोडायचं आहे. स्कूटरचा खर्च तेवढाच राहिला, बसचा वाढला. सार्वजनिक वाहतूक दोन माणसांना खाजगी वाहनापेक्षा महाग पडत असेल तर लोकांना आळशी म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

पण पैसा हे माझ्या मते दुसरं कारण. पहिलं कारण थांब्यावरची वाट. बस अर्ध्या तासाने येणार हे पक्कं ठाऊक असेल तर माणूस त्या हिशेबाने घरातून निघतो. पाच मिनिटांत येईल की पस्तीस, हेच कळत नसेल तर त्याला रोज पस्तीस धरूनच निघावं लागतं. साडेनऊचं मस्टर असलेला माणूस सरासरी बघत नाही, सगळ्यात वाईट दिवस बघतो. स्कूटरचा सगळ्यात वाईट दिवस म्हणजे दहा-पंधरा मिनिटं उशीर. एवढं साधं आहे हे.

नळस्टॉप

सगळं पटलं नाही. मी नळ स्टॉपवरून रूबी हॉलला मेट्रोने जाते. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी मिळते, तुमचा 'वाईट दिवस' वगैरे काही नाही. आमच्याच सोसायटीतले चार जण त्याच भागात नोकरीला आहेत आणि चौघेही आपापल्या गाडीने जातात. स्टेशन सोसायटीपासून चालत पाच मिनिटांवर. त्यांना विचारलं तर म्हणतात, सवय. ज्यांच्या दाराशी स्टेशन आहे त्यांच्याबद्दल ती पोस्ट खरीच होती. धनकवडीचं दुःख सांगून कोथरूडच्या लोकांना सोडवू नका.

हिशेबनीस

तीनहत्ती, तुमच्या हिशेबात फक्त पेट्रोल आहे. गाडी काय फुकट आली? लाखाची स्कूटर दहा वर्षं वापरली तर महिन्याला आठशेच्या वर तिथेच गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक पॅड धरून आणखी तीन-चारशे. पेट्रोलचे तुमच्याच आकड्याने महिन्याचे हजार. बावीसशेच्या पुढे जातंय हे. १५०० चा पास महाग कसा?

तीनहत्ती

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा. ते बाराशे रुपये वाचायला गाडी विकावी लागेल. रात्री दहा वाजता आईला दवाखान्यात न्यायचं, रविवारी सासुरवाडीला जायचं, यासाठी गाडी घरात राहणारच. एकदा ती घरात आली की तिचा विमा आणि हप्ता बसने गेलो तरी चुकत नाही. मग रोज सकाळी माझ्यापुढे प्रश्न उरतो तो फक्त पेट्रोल की तिकीट. पास काढणारा दोन्हींचे पैसे भरतो. लोक अशिक्षित नाहीत, हे त्यांना तोंडपाठ आहे.

हिशेबनीस

बरं. दुसरी गाडी घेणाऱ्यांना तरी माझा हिशेब लागू आहे, एवढं मान्य करा. घरटी तीन दुचाक्या काय दवाखान्यासाठी असतात?

दादरकर

मुंबईकराचा अनुभव. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं, एसी बसला ६. लगेच प्रवासी वाढले, शेअर रिक्षा-टॅक्सीवाले ओरडायला लागले. म्हणजे दर उतरले की माणूस गाडी बदलतो, हे डोळ्यांसमोर घडलंय. पुढे मे २०२५ मध्ये तेच ५ चे १० झाले, तेव्हा आमच्या थांब्यावरची म्हातारी माणसं पुन्हा चालत जाताना दिसू लागली. तिकीट हे दुसरं कारण म्हणताय, ते ज्याच्याकडे स्कूटर आहे त्याच्यासाठी. धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी तेच पहिलं आणि शेवटचं.

आणि लोकलबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगतो. आम्ही लोकलने जातो ते मुंबईकर शहाणे म्हणून नाही. शहरच रुळांच्या कडेने लांबट वाढलं आणि ऑफिसच्या खाली गाडी लावायला जागा नाही. पुण्यात पार्किंगचं धोरण २०१८ मध्ये पालिकेत मंजूर झालं, आजही बहुतेक रस्त्यांवर गाडी फुकट उभी राहते. फुकट जागा मिळत असेल तर मीही दादरला गाडीनेच गेलो असतो.

सकाळची_शाळा

इथे सगळे घर ते ऑफिस एवढंच बोलताहेत. बाई कशी प्रवास करते ते ऐका. साडेसातला मुलाला शाळेत सोडायचं, तिथून धाकटीला पाळणाघरात, मग ऑफिस. परत येताना पाळणाघर, मंडईतून भाजी, सासूबाईंच्या गोळ्या, मग क्लासवरून मुलाला घ्यायचं. प्रत्येक थांब्याला बस बदलायची तर दर वेळी नवं तिकीट आणि नवी वाट बघणं. दहा रुपयांच्या स्लॅबने तोडलेल्या प्रवासात बाईच सगळ्यात जास्त भरडते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, शहरातल्या बसमध्ये ते नाही. कडेवर झोपलेली मुलगी आणि हातात भाजीची पिशवी घेऊन उभं राहून दाखवा, मग आळसावर बोला.

जुनी_पेठ

ताई, रागावू नका, पण साडेसातला गाडी काढायची वेळ का आली? आम्ही भावंडं शाळेत चालत जायचो. पेठेत दर दोन गल्ल्यांना शाळा होती. वडील सायकलवर ऑफिसला, आई चालत मंडईत. आज कोथरूडचा मुलगा बाणेरच्या शाळेत आणि बाणेरचा औंधच्या. आधी लांबची इंग्रजी शाळा निवडायची आणि मग वाहतुकीला नावं ठेवायची. सुट्टी लागली की सकाळचे रस्ते मोकळे होतात ते काय बसमुळे?

सकाळची_शाळा

काका, घराजवळची मराठी शाळा आम्ही बघितली. पहिलीच्या वर्गात मोजकी मुलं, पुढच्या वर्षी तुकडी राहील का याची तिथल्या बाईंनाच खात्री नाही. अशा शाळेत तुमच्या नातवाला घातलंत का?

जुनी_पेठ

नातू कुठे जातो हा इथला विषय नाही.

भूमकर_चौक

तोच विषय आहे! सगळे दुसऱ्याच्या मुलाला मराठी शाळेत घालतात. आमच्याकडे वाकडला टॉवर उभे राहिले, शाळेसाठी राखलेल्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा म्हटलंय. ती शाळा बांधलीच नाही तर आई-बाप स्कूटर काढणारच. आणि आयटीवाल्यांना शिव्या घालणारे कधी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडलेत का? ऑफिसची बस आणि माझी दुचाकी एकाच कोंडीत, पण दुचाकी फटीतून निघते. हिंजवडी ते शिवाजीनगरची मेट्रो तीन सुरू होईपर्यंत मला दुसरा पर्याय कोणी सांगू नये.

जुनी_पेठ

माध्यमाबद्दल बोललं की सगळ्यांना टोचतं. मराठी शाळा ओस पडल्या त्या आई-बापांनी पाठ फिरवल्यामुळे. मुलं नाहीत म्हणून तुकडी बंद, तुकडी बंद म्हणून मुलं नाहीत. सुरुवात कुणी केली? मी शिक्षक होतो, डोळ्यांनी पाहिलंय. वर्ग रिकामा होताना बघणं काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही.

सकाळची_शाळा

तुमचं दुःख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्या मुलाचं एक वर्ष पणाला लावून मी ते भरून काढू शकत नाही. आणि मुलांच्या शाळेचा दोष फक्त आयांवर टाकणं बंद करा. सोडायला जाते मी, निर्णय घरातल्या सगळ्यांचा होता.

दादरकर

मराठी शाळांसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. इथे अवांतर फार झालं.

नळस्टॉप

अवांतर नाही हो. शाळा कुठे, यावरूनच गाडी ठरते. माझी मुलगी चालत शाळेत जाते म्हणूनच मी मेट्रोने जाऊ शकते, हे सकाळची_शाळा यांचं लिहिलेलं वाचून लक्षात आलं. पण चारही शेजाऱ्यांची मुलं कॉलेजात आहेत. त्यांच्यासाठी मला अजून कुठलंही कारण सापडलेलं नाही.

तीनहत्ती

तुमच्या चार शेजाऱ्यांपुरता आळस मान्य. खूश? बाकी शहरावर तो शिक्का मारू नका.

मेट्रोबद्दलही बोलायचं राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या भागाला झाला होता. पण स्वारगेटपर्यंत कसं जायचं? धनकवडीतून बसच. म्हणजे आधी बसची वाट, मग जमिनीखाली उतरणं, मग मेट्रो, वर दोन तिकिटं. कात्रजपर्यंतचा भुयारी मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर सातारा रस्त्यावर, जिथे २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, सुरू केल्याचं श्रेय आपण घेतलं, तिथे बसला स्वतःची मार्गिका पूर्ण लांबीने तरी द्या. रंगीत पट्टा नको, गाड्या न घुसणारी मार्गिका हवी.

हिशेबनीस

मार्गिका दिली की तुम्हीच स्कूटर घेऊन आत घुसाल.

तीनहत्ती

मी घुसत नाही. जे घुसतात त्यांना दंड करा, पहिली पावती आमच्या चौकात फाडा, माझा पाठिंबा आहे.

सकाळची_शाळा

दंड, मार्गिका सगळं करा. पण एका तिकिटावर दोन तासांत कितीही बस बदलता याव्यात आणि तेच तिकीट मेट्रोलाही चालावं, हे कुणीच मागितलेलं नाही. सत्तरचा दिवसाचा पास आहे हे सांगू नका. ज्या दिवशी मुलाला ताप येतो आणि मी फक्त पाळणाघरापर्यंत जाऊन परत येते, त्या दिवशी सत्तर कशाला भरू? दोन तासांचं तिकीट द्या, मी महिनाभर स्कूटर खाली उभी ठेवून इथे लिहीन कसं जमलं ते.

जुनी_पेठ

दोन तासांच्या तिकिटाला माझं अनुमोदन. शाळेबद्दल माझं मत बदललेलं नाही.